बारा मॅच, शून्य गोल

तापलेल्या लॅपटॉपचा वास आला की मला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमधली मे महिन्यातली एक दुपार आठवते. दादा पुण्याहून सुट्टीला आला होता आणि दिवसभर फुटबॉल क्लब चालवायचा गेम खेळायचा. क्लबचं सगळं बजेट ओतून त्यानं एक स्ट्रायकर घेतला होता, पण बारा मॅचमध्ये त्याचा एकही गोल नव्हता. "बेंचवर बसव की त्याला," मी म्हटलं. "गप गं, रुळायला वेळ लागतो," म्हणत त्यानं पुन्हा त्यालाच टीममध्ये घेतलं. कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा येत होती, तरी आम्ही दोघंही उठलो नाही. बाबांनी पीएफ काढून पुण्यातल्या ज्या क्लासची फी भरली होती, तो दादानं दिवाळीतच सोडलाय, हे घरात फक्त मला माहीत होतं; आदल्या रात्रीच त्यानं सांगितलं होतं. तेवढ्यात बाबा कलिंगडाची ताटली घेऊन आले आणि स्क्रीनकडे वाकून म्हणाले, "हा कोण रे? लई रुबाबात उभाय." "सगळ्यात महाग घेतलेला." "गोल किती?" "शून्य." बाबा पोट धरून हसले. "फसवलं की तुला! विकून टाक." "कुणी घेईना, बाबा," दादा म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप हळूच मिटला. बाबा अजून हसतच होते. तो आता काय सांगणार हे मला कळलं आणि मी ताटलीतल्या बियांकडे बघत राहिले. आज वाटतं, आदल्या रात्री मीच बोलले असते, तर बाबांना ते असं हसता हसता ऐकावं लागलं नसतं.