दंडारीसाठी घेतलेलं घड्याळ

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर आमचे बाबूजी शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती दंडारीची. दिवाळीनंतर आमच्या दवनीवाड्यात मंडईची जत्रा भरते. तिथं भर दुपारी गावातले पुरुष टिपऱ्या घेऊन ढोलकीवर फेर धरतात, ती दंडार. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात; बायकांनी बसून पाहायचं. बाबूजी जवानीपासून फेरात सगळ्यांच्या पुढे. डॉक्टर म्हणाले, "यंत्र लावून रोज फिरा. ठोके एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका. मग नाचाचं बघू."

यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी लग्न होऊन फुलचूरला राहते आणि गोंदियाचा बाजार मला जवळ. शिवाय बाबूजी किती लबाड आहेत, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुकानदारानं आधी बोट टेकवलं की ठोके दाखवणारं घड्याळ काढलं. "दीदी, ये ले लो, सब यही ले जाते हैं." मी नाही म्हटलं. आमचा माणूस आधी शेताच्या धुऱ्यावर निवांत बसेल, तंबाखू मळेल आणि मग बोट टेकवेल. दुसऱ्या यंत्राला आवाजच नव्हता. तेही परत ठेवलं. तिसरं मात्र मनात भरलं. छातीला बांधायचा पट्टा, मनगटावर घड्याळ, आणि ठोके वाढले की अर्धा मोहल्ला जागा होईल अशी बोंब. "घड़ी पट्टे से दो-चार हाथ के अंदर ही रखना," दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली. आता कुठं जाल, बाबूजी!

"बैलावानी पट्टा माह्या छातीले कायले?" बाबूजी कुरकुरले. पण दंडारीसाठी ते पट्टा बांधून रोज फिरले. घड्याळ ओरडलं की त्याला आईमाईवरून शिव्या द्यायचे, पण थांबायचे. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी हो म्हटलं. अट एकच, घड्याळ ओरडलं की नाच बंद.

मंडईच्या दुपारी बाबूजींनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "टिपरी लागून फुटन. तूच धर न पाह्य." हा माणूस आपणहून इतका शहाण्यासारखा वागतोय म्हटल्यावर मला तिथंच संशय यायला हवा होता.

मी मायजवळ पहिल्या रांगेत चटईवर बसले. फेर सुरू झाला. बाबूजी गिरक्या घेत होते, उकिडवे बसून उसळी मारत होते, आणि घड्याळ म्हणत होतं अठ्ठ्याहत्तर! मी शेजारच्या मावशींना ऐटीत आकडा दाखवला. माय पदर घट्ट धरून बसली होती.

मग ढोलकी चढली. बाबूजींचा पाय घसरला, ते सावरले, आणि घड्याळ बोंबललं. एकशे अठरा. मी उठले ती थेट फेरात. ढोलकी थांबवली, बाबूजींचा दंड धरला आणि घड्याळात पाहिलं, तर आकडाच नाही. नुसत्या दोन आडव्या रेघा. ठोकेच बंद, आणि माणूस समोर उभा राहून हसतोय!

"काऊन आली वं मंधात?" बाबूजी म्हणाले.

मी अंगरख्यावरून त्यांची छाती चाचपली. पट्टा नव्हता. सगळी मंडई हसायला लागली. दुकानदाराचं 'दो-चार हाथ के अंदर' मला आत्ता आठवलं. तशीच मागं फिरले, आणि मायजवळ पोचते तोच घड्याळ पुन्हा किंचाळलं. पट्टा मायच्या पोलक्याखाली होता.

"यायनंच बांधाले लावला," माय म्हणाली. "म्हनाले, तू नुसती बसून रायजो, घड्याळ गप रायन. आता हे तठी घसरून राहिले, त माहा जीव कसा गप बसन?"

बाबूजी माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी आकडा पाहिला, मायकडे पाहिलं आणि टिपऱ्या खाली ठेवून तिच्या शेजारी बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. आकडा हळूहळू उतरला.

मग माय आडोशाला जाऊन पट्टा काढून आली. "बांधा," म्हणाली, "न हळू नाचा."

बाबूजींनी मुकाट्यानं बांधला. फेर पुन्हा लागला, पण मी बसले होते तिथून घड्याळावर रेघाच दिसत होत्या. मायनं ते माझ्या हातातून घेतलं, पदर खोचला आणि सरळ दंडारीत शिरली, जिथं आमच्या गावच्या बाईनं कधी फेर धरला नव्हता. बाबूजींपासून दोन हातांवर, घड्याळावर डोळे लावून, ती फेराबरोबर चालत राहिली. ढोलकीवाल्यानं ताल हळू केला. बाया तोंडाला पदर लावून पाहत होत्या.

घड्याळ पुन्हा ओरडलं नाही. मायच्या छातीवर आता पट्टा नव्हता, त्यामुळे तिचा आकडा काही कुणाला कळला नाही.