भूत आलं!

लातुरात तेव्हा आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. त्यातच माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं हॅलोविनची पार्टी ठरवली आणि गल्लीतली सगळी पोरं बोलावली. भांडी घासायला पाणी नव्हतं, म्हणून वर्तमानपत्रावर मांडता येईल असाच खाऊ करायचा ठरला.

शंकरपाळ्याच्या पिठाची आम्ही चेटकिणीची बोटं वळली, टोकाला शेंगदाण्याचं नख दाबलं आणि खरपूस तळली. अर्ध्या केळ्यांना बेदाण्यांचे डोळे लावून भुतं उभी केली. लेक आनंदानं नाचत होती. खरं सांगते, मीही.

पोरं जमल्यावर लेकीनं खाऊवरचा रुमाल ओढला. "आलं, आलं! भूत आलं!" असा एकच कल्ला उठला. तेवढ्यात शेजारच्या काकू घागर घेऊन धापा टाकत दारात हजर! मागं आणखी तिघीजणी बादल्या घेऊन.

"आलं का पाणी?"

"न्हाई काकू, भूत आलंय!" म्हणत लेकीनं त्यांच्या हातावर एक बोट ठेवलं.

आता काकू चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं, नखासकट कडकन चावलं आणि मागं वळून हाक दिली, "या गं आत, लई झकास हाय!"

चौघीही पोरांत मांडी घालून बसल्या.