आयुधपूजेत ठेवलेली हार्डडिस्क

कृष्णाजींनी चौतीस वर्षं लेथवर काढली. भातगिरणीचे शाफ्ट, पंपांच्या बुशा, इंजिनांचे पिस्टन. माप इंचाच्या हजाराव्या भागाने चुकलं तरी तुकडा भंगारात टाकायचा आणि पहिल्यापासून कामाला लागायचं, हा त्यांचा नेम. दुसऱ्याच्या कामाला ते सहसा बरं म्हणत नसत. म्हणून त्यांनी विनुताचं नाव काढलं की राजवाड्यामागच्या गल्लीतली माणसं कान देऊन ऐकत.

विनुता ही रंगराव कारकुनांची मुलगी. पॉलिटेक्निक झाल्यावर आधी रेडिओ, मग टीव्ही आणि गावात कॉम्प्युटर येऊ लागले तसे तेही दुरुस्त करायला शिकली. दक्षिण वीथीत भांड्यांच्या दुकानावर तिची एक खोली होती. मशीन घेऊन आलेला माणूस इकडेतिकडे बघून मेकॅनिक कुठे गेला म्हणून विचारी. ती मान वर न करता म्हणे, "समोर बसलीय."

कृष्णाजींचा तिच्याशी संबंध आला तो शहाण्णव सालच्या विजयादशमीला.

त्यांची मुलगी वसुमती कॉलेजात शिकवायची. कावेरीच्या कालव्यांतल्या पाण्याच्या पातळीवर तिचा प्रबंध चालला होता. तीन वर्षं तिरुवैयारु ते पापनाशम एसटीच्या खेपा, रोजच्या नोंदी, आकडेमोड. सगळं तिच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या कॉम्प्युटरात होतं. पुढच्या सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. आता मिळणार नव्हती.

आयुधपूजेला त्या घरात कुणी हत्याराला हात लावत नसे. कृष्णाजींनी आपला मायक्रोमीटर, माप तपासायची डायल, पकडी तेल लावून पुसल्या आणि टेबलावर मांडल्या. कॉम्प्युटर हे मुलीचं हत्यार, म्हणून त्यालाही गंध-कुंकू लागलं. शेजारी तिच्या फ्लॉप्यांचा डबा ठेवला. सगळ्या फायलींची दुसरी प्रत त्या फ्लॉप्यांवर होती. डबा सरकू नये म्हणून कृष्णाजींनी त्यावर लेथवर डायल उभी करायचा जड ठोकळा ठेवला. पूजेचे दोन दिवस मशीन बंद राहिलं. दशमीला सकाळी, काम हाती घ्यायच्या मुहूर्तावर, वसुमतीने बटण दाबलं. पडदा उजळला आणि डिस्क सापडत नाही असं सांगून थांबला.

विनुता मोपेडवरून आली. गंधाचे ठिपके बघून म्हणाली, "काका, फ्लॉपीच्या फटीत नाही ना लावलंत?"

कृष्णाजींना हसू आलं नाही. तिने कॅबिनेट उघडलं, केबली दाबून पाहिल्या, एक बदलली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. कृष्णाजी खुर्चीवरून उठले. बेअरिंग ऐकायला तेही असंच करत. तिने मूठ त्यांच्या हाती दिली. आत बारीक घुमल्यासारखा आवाज येई आणि विरून जाई.

"जाम झालंय," ते म्हणाले. "मोटर जोर लावते, शाफ्ट फिरत नाही."

विनुताने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. जुन्या डिस्कांचं असं होतं, तिने समजावलं. आतलं वाचणारं टोक तबकडीवर टेकून बसतं. मशीन रोज फिरत असेल तर चालतं, दोन दिवस निजलं की चिकटतं. आधी फ्लॉप्या तपासू, डिस्कला उगाच हात नको.

अकरापैकी एकही फ्लॉपी वाचता येईना. विनुताने डबा उचलला, खालीवर पाहिला आणि ह्याच्याजवळ लोहचुंबक होतं का असं विचारलं.

तो ठोकळा चुंबकीच होता. लेथच्या लोखंडाला धरून राहावा म्हणून तर तो तसा केलेला. कृष्णाजींनी हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. ठोकळा पुन्हा पेटीत गेला होता.

"मी ठेवला," ते म्हणाले. "डब्यावरच. दोन दिवस."

वसुमती उठली. आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती फिल्टरच्या कापीचे तीन पेले घेऊन. पहिला तिने वडिलांच्या हाती दिला. त्यांना तो ओठाला लावता येईना.

विनुताने फायली उतरवून घ्यायला सोबत आणलेली नवी डिस्क जोडली, जुनी सोडवून केबलींसकट तळहातावर घेतली. वसुमतीला बटण दाबायला सांगितलं आणि मनगटाला हिसका दिला. आडवा, आखूड, तबकडी फिरते त्याच अंगाने. काही नाही. बंद करून पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला. कृष्णाजींनी आयुष्यात पुष्कळ मनगटं पाहिली होती. इतकं नेमकं एकही नव्हतं.

"आता हिला बंद करायची नाही," विनुता म्हणाली. "पुन्हा उठेल याची हमी नाही."

फायली एकेक करून उतरू लागल्या. चौथ्या प्रकरणावर गाडी अडली. पडदा विचारी, सोडून द्यायचं की पुन्हा प्रयत्न करायचा. ती पुन्हा प्रयत्नाचं बटण दाबी. तोच प्रश्न. पुन्हा. कृष्णाजी मोजत होते. तिने वैतागून कळ आपटली नाही, घाई केली नाही. प्रत्येक वेळी डिस्कचा आवाज निवू देई, मग बोट ठेवी. त्रेसष्टाव्या खेपेला प्रकरण उतरलं. तेव्हा ऊन ओसरीवरून भिंतीवर चढलं होतं आणि तिची कापी तशीच निवून गेली होती.

वसुमतीने शेवटचं पान उघडून वाचलं, मग पहिलं. "आहे, अप्पा," एवढंच म्हणाली. कृष्णाजी भिंतीला टेकून खाली बसले.

जुनी डिस्क परत सुरू झाली नाही. विनुताने ती त्यांच्यासमोर उघडली. आतली तबकडी त्यांनी उजेडाकडे धरली. चौतीस वर्षांत त्यांच्या लेथवरून असा पृष्ठभाग उतरला नव्हता. त्यांच्या भुवईचा केसन् केस त्यात दिसत होता. फिरताना टोक आणि तबकडी यांत केसाच्या शंभराव्या भागाहून कमी अंतर असतं, असं विनुता म्हणाली. त्यांनी सवयीने मायक्रोमीटर उचलला आणि खाली ठेवला. मोजायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, काका. तुमच्यासारख्याच कुणीतरी."

सोमवारी प्रबंध गेला. पुढच्या आयुधपूजेला ती तबकडी टेबलावर मायक्रोमीटरशेजारी मांडली गेली. चुंबकी ठोकळ्यालाही गंध लागलं, पण अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर. आणि कॉम्प्युटरला गंध लावून झाल्यावर कृष्णाजींनी तो बंद केला नाही. दोन्ही दिवस चालू ठेवला आणि मधूनमधून कान लावून ऐकत राहिले.