वाऱ्याच्या वरच्या अंगाला

इशबेल मॅथेसनला इस्टेटीने नोकरीवर ठेवलं ते तिच्या कानांसाठी. कागदावर 'हरणांच्या शिकाऱ्याची मदतनीस' असं लिहिलं होतं, पण तिचा थोरला भाऊ फर्कर ठार बहिरा झालाय आणि त्याच्यासाठी ऐकायला कुणीतरी हवंय, हे ग्लेन स्केराखमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. फर्करने तीस वर्षं उघड्या नळीने, आवाज दाबणारा सायलेन्सर न लावता गोळ्या झाडल्या. त्या काळी कानात कापूस घालणाऱ्यालासुद्धा लोक हसायचे. पन्नाशीत त्याचा डावा कान गेला, मागोमाग उजवा जवळपास गेला, आणि मॅनेजर पेटिग्रू त्याला घरी बसवायच्या गोष्टी करू लागला. तेव्हा लॉजच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं पाहुण्यांची सुपं ढवळणारी इशबेल अॅप्रन काढून ऑफिसात गेली.

"त्याला ऐकू येत नाही ना? मला येतं," ती म्हणाली. "आम्हा दोघांना मिळून ठेवा."

तिला रायफल धरता येते हे पेटिग्रूला माहीत नव्हतं. बाप फर्करला शिकवायचा तेव्हा ती मागे चिखलात पालथी पडून शिकली होती. बापाने मात्र मरेपर्यंत ते कबूल केलं नाही.

याला आता आठ वर्षं झाली होती. फोनवरचं, रेडिओवरचं, दारात आलेल्या माणसाचं, सगळं ती ऐकायची आणि भावाच्या उजव्या कानात ओरडून सांगायची. जसं बोललं गेलं तसंच, शिव्यांसकट. "काही गाळायचं नाही," असा फर्करचा दंडक होता. "मी बहिरा आहे, तान्हा नाही."

दोघांच्या रायफली वेगळ्या. त्याची तीनशे आठची, जाड गोळीची. तिची दोनशे त्रेचाळीसची, बारीक गोळीची. नळीच्या तोंडाचे आटे मात्र एकसारखे पाडून घेतलेले, कारण सायलेन्सर दोघांत एकच. एका वेळी एकच जण झाडतो, मग दोन कशाला, हे पेटिग्रूचं म्हणणं. सायलेन्सर हरणं टांगायच्या खोलीत खिळ्याला असायचा. ज्याची पाळी त्याने लावायचा, दुसऱ्याने दुर्बीण धरायची. नियम एकच होता. सायलेन्सर घ्यायचा तो जाड गोळीचा. त्यातून बारीक गोळी सुखरूप जाते. उलटं केलं तर जाड गोळी आतल्या पडद्यांवर आदळते आणि तो पोलादी डबा झाडणाऱ्याच्या डोळ्यांपासून दोन हातांवर फुटतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत जुना सायलेन्सर आतून गंजून कामातून गेला. माद्यांचा हंगाम पंधरा तारखेला संपतो, आणि इस्टेटीने ठरवून दिलेल्या आकड्यातल्या पाच माद्या मारायच्या अजून बाकी होत्या. इशबेलने घाईघाईने दुकानात फोन लावला. शेगडीवर दूध वर येत होतं. "कोणत्या रायफलीला लावणार?" पलीकडच्याने विचारलं. तिने उत्तर दिलं, फोन आपटला आणि पातेलं उतरवायला धावली.

नवा सायलेन्सर चौदाच्या संध्याकाळी आला. उरल्यासुरल्या उजेडात तिने आपल्या रायफलीने निशाण्यावर दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही जिथे हव्या तिथे लागल्या.

"आता तू झाड," ती फर्करच्या कानात ओरडली.

"कशाला? तीच कंपनी, तोच डबा. माझी नळी त्याला ओळखते."

"दोन गोळ्या झाडल्यास तर हात झडतील का तुझे?"

"उजेड कुठाय? तू झाडल्यास ना, झालं तर मग." असं म्हणून तो चहा टाकायला आत गेला. हट्टीपणात मॅथेसन घराण्याचा हात कुणी धरू नये.

पंधराला सकाळी पाळी इशबेलची होती. दक्षिणेच्या उतारावर बर्फात कोपरांवर सरपटत जाऊन तिने एक मादी पाडली. सायलेन्सरच्या तोंडात बर्फ गेलं होतं. नेहमीप्रमाणे तिने खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या बोथट टोकाने ते काढायला गेली, पण पेन्सिल आत जाईना. थंडीने बोटं बधिर झालीत, असं म्हणत तिने हेदरच्या झुडपाची काडी मोडून घेतली आणि बर्फ उकरून काढलं. फर्कर हात पुढे करून उभाच होता.

"दे लवकर. उरलेल्या चौघी वरच्या घळीत असणार. तू हिला वाटेपर्यंत ओढ, मी पुढे होतो."

त्याने सायलेन्सर आपल्या नळीवर फिरवून घट्ट केला, बर्फ जाऊ नये म्हणून तोंडावर चिकटपट्टी लावली आणि तो निघालासुद्धा.

मादीचं पोट साफ करून तिला दोरीने गाडीवाटेपर्यंत ओढून आणायला इशबेलला अर्धा तास लागला. मग तिने कानाला बांधायची चिठ्ठी काढली, तारीख लिहायला पेन्सिल धरली आणि तिचा हात तिथेच थांबला.

हीच पेन्सिल. आठ वर्षं ही त्या जुन्या सायलेन्सरच्या तोंडात खुशाल आतबाहेर करत होती.

दूध आठवलं. फोन आठवला. "कोणत्या रायफलीला?" आणि तिने सांगितलं होतं, "दोनशे त्रेचाळीस." स्वतःचीच रायफल तोंडात बसलेली, तीच बाहेर पडली. दुकानदाराने मागितलं ते बिनचूक दिलं होतं.

तिने दुर्बीण लावली. घळीच्या पूर्वेच्या अंगाला, बर्फात एक करडा ठिपका इंच इंच पुढे सरकत होता. फर्कर. त्याच्यापुढे एक सपाट खडक होता. तिथे पोचला की तो झाडणार. खडकापलीकडे चार माद्या निवांत चरत होत्या.

रेडिओ तो सरपटताना बंद ठेवायचा, आणि चालू असता तरी ऐकणार कोण? हाक मारणं व्यर्थ. आपणच एक गोळी झाडून माद्यांना उधळून लावावं? रायफल खांद्यावरून निम्मी उतरली आणि बापाचा आवाज तिच्या डोक्यात उठला. त्या चिखलात पालथं पडून ऐकलेला. हरणाला आवाज आला तर ते थांबून ऐकतं. माणूस दिसला तर थांबून बघतं. वास आला तर मात्र थांबत नाही.

चारही माद्या माना वर करून दगडासारख्या उभ्या राहिल्या असत्या. याहून सोपं निशाण फर्करला कुणी दिलं नसतं.

वारा पश्चिमेचा होता. पश्चिमेला खिंड होती, माद्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे तिथला वास वारा थेट त्यांच्याकडे नेणार. इशबेलने दोर तिथेच टाकला आणि ती ओढ्याच्या पात्रातून वर चढायला लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, उजवा गुडघा कामाचा नाही, ओढ्यातले दगड बर्फाने गुळगुळीत. दोनदा ती आपटली. दुसऱ्यांदा हनुवटी फुटली. तिला स्वतःचीच चीड येत होती, इतकी की दुखणं कळेना. ज्या कानांसाठी मला पगार मिळतो, त्याच कानांनी प्रश्न ऐकला आणि भलतंच उत्तर दिलं. याचे डोळे गेले तर मी ते कुठल्या फोनवर मागवणार आहे?

मध्ये एकदा थांबून तिने दुर्बीण लावली. फर्कर खडकापाशी पोचला होता. आता तो पाठीवरची पिशवी हळूच पुढे घेत होता, रायफल टेकवायला.

शेवटचा चढ तिने हातापायांवर केला. खिंडीत पोचताच वारा पाठीवर आदळला. आठ वर्षांत, आणि त्याआधी बापाच्या मागे लपून, तिने एकच गोष्ट जिवापाड जपली होती: एकाही हरणाला तिचा वास कधी लागला नव्हता. दारू प्यायल्यावर फर्कर परक्या लोकांना हे सांगायचा. आता तिने टोपी काढली, जाकीट काढलं, घामाने थबथबलेला लोकरी स्वेटर काढून दोन्ही हातांनी वाऱ्यात धरला आणि उभी राहिली.

काहीच झालं नाही. माद्या चरत होत्या. वारा खिंडीत गिरकी घेत होता की काय कोण जाणे. खाली फर्करने गाल रायफलीच्या दस्त्याला लावला.

"अगं, नाक वर कर की बये," इशबेल पुटपुटली. "वर कर, सटवे, वर कर."

म्हातारी मादी होती, तिने नाक वर केलं. एकदाच भुंकल्यासारखी ओरडली. मग चौघीजणी उधळल्या आणि बघता बघता उत्तरेच्या धारेपलीकडे गेल्या. फर्कर पळत्या हरणावर कधीच झाडायचा नाही. तो गुडघ्यांवर उठला, खिंडीकडे वळला, आणि तिथे अर्ध्या कपड्यांत उभी असलेली आपली बहीण त्याला दिसली.

कपडे काखेत मारून ती खाली पोचली तोवर त्याच्या शिव्या संपत आल्या होत्या.

"डोकं फिरलंय तुझं? शेवटचा दिवस! वाऱ्याच्या वरच्या अंगाला? तू? लॉजच्या पाहुण्यांनाही एवढी अक्कल असते!"

इशबेलला ओरडायला दम उरला नव्हता. तिने त्याच्या हातातून रायफल घेतली, गोळ्या काढल्या आणि चिकटपट्टी ओरबाडली. मग पेन्सिल सायलेन्सरच्या तोंडाला लावली. गेली नाही. तिने त्याचंच एक काडतूस घेऊन गोळीचं टोक तिथे लावलं. टोक शिरलं आणि अडकलं.

फर्करने ते काडतूस ओढून काढलं आणि स्वतः एकदा लावून बघितलं.

"मी मागवला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "माझी चूक."

त्याने तिचं खाली पडलेलं जाकीट उचललं, तिच्या खांद्यांवर टाकलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. "मी काल गोळी झाडली असती तर हा डबा कालच फुटला असता," एवढंच बोलला. खाली उतरेपर्यंत पुढे चालला तो, पण एकदाही तिच्या नजरेआड गेला नाही.

दिवेलागणीला पेटिग्रूचा फोन आला. फर्कर फोनच्या वाटेला कधी जायचा नाही, पण इशबेल फोनकडे वळलेली दिसताच तिच्या आधी त्यानेच तो उचलला आणि पेटिग्रूला विचारायला न देताच ओरडायला लागला. "चार राहिल्या! वारा फिरला! माझ्याकडून चुकलं, मला वास सांभाळता आला नाही!"

स्वयंपाकघराच्या भिंतीसुद्धा हे ऐकून चकित झाल्या असतील. इशबेलच्या हातातली ओटकेकची, ओटच्या पिठाच्या भाजलेल्या चकत्यांची, बशी हातातच राहिली. त्याने फोन तिच्याकडे दिला, नेहमीप्रमाणे, ऐकायला.

पेटिग्रू हसत होता. "चाळीस वर्षं काढली ना डोंगरात? आता वाराही कळेना त्याला? पुढच्या हंगामाचं बोलावं लागेल, इशबेल. कान गेले होते, आता नाकही गेलं म्हणायचं."

"पुढच्या हंगामाचं माझ्याशी बोला," ती म्हणाली. "सोमवारी येते मी. आज काय झालं ते मी सांगेन, अथपासून इतिपर्यंत." आणि तिने फोन ठेवला.

फर्कर उजवा कान पुढे करून वाट बघत होता. "काय म्हणाला?"

इशबेल त्याच्या कानाशी वाकली. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने गाळलं.

"म्हणाला, वारा काय, कुणाच्याही हातात नसतो."

फर्करने मान डोलावली. "पेटिग्रू असं म्हणाला?" तो तिच्याकडे बघत म्हणाला. "बरा माणूस आहे मग." आणि त्याने बशीतला मोठा ओटकेक उचलून तिच्यापुढे ठेवला.