वाकून बघणारे जनूकाका

जनूकाकांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. कोपरखैरण्यात त्यांच्या इमारतीत भाड्याने राहायला गेले, तर हे घरमालक लुंगी सावरत आमच्या सामानाच्या टेम्पोखाली वाकलेले. मला वाटलं, मांजर शोधतायत. मान वर न करताच म्हणाले, "कपाट उतरवल्यावर गाडी बग कशी वर आली!"

काका मूळचे बोनकोड्याचे, इंजिनिअर, सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेलेली. लोक विमानाचे पंख बघतात, हे पोटाखालची मोकळी जागा बघायचे. एकदा चहाच्या ट्रेमध्ये बिस्किटं मांडून त्यांनी मला समजावलं. विमान ठेंगणं केलं तर मोठं इंजिन पंखाखाली मावत नाही, जमिनीला घासेल. उंच केलं तर पाय लांब होतात, वजन वाढतं. आणि विमानच लांबडं असेल तर नाक उचलताना शेपूट आपटायची भीती! "रिकामा कोनी पन उभा करंल. भरल्यावर खाली कती उरतंय, त्ये बग!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पंगतीतून उठतानाही पोटावर हात फिरवत हेच म्हणायचे. शेवटी इंजिनाचं बिस्किट त्यांनीच खाल्लं.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, नयनाचं लग्न रबाळ्यात ठरलं. म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण काकांचा चेहरा असा, की पोरगी जणू अमेरिकेलाच चाललीय. ती नव्या विमानतळावर नोकरीला. तेव्हा तिची वरात विमानातूनच निघणार, असं काकांनी जाहीर केलं. छोट्या टेम्पोवर प्लायवूडचं विमान चढलं. सुतार म्हणाला, इंजिनं जरा वर घेऊ. काका भडकले, "खऱ्या इमानाची खालीच असतात! पोरीला सगला कलतंय, हसंल ना ती!"

भाराचा हिशेब मात्र त्यांनी चोख केला. नवरा-नवरी, करवल्या, आत्या. त्यात थोरली आत्या दोनदा धरली. तेवढ्या वजनाच्या गोण्या लादून टेम्पो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून नेऊनही पाहिला. अलगद गेला.

वरात निघाली. बँजो, नाच, नुसता धुरळा! आणि गतिरोधकावर खर्रर्र! इंजिन टेकलं. "काका, लँडिंग झालं!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी थोरल्या आत्याकडे बघितलं. "माज्याकडं काय बगताव? मना दोनदा धरलीय!" आत्या कडाडली.

मग मला दिसलं. शेपटीशी, झेंडूच्या माळांआड, अंग चोरून जनूकाका बसले होते. पाठवणीला बाप काही नवरीच्या गाडीत चढत नाही, म्हणून त्यांनी स्वतःला हिशेबात धरलंच नव्हतं. आयत्या वेळी राहवलं नसेल. फार वाईट वाटलं हो मला, आणि हसूही आवरेना.

नयना उठून त्यांच्याकडे गेली. "पप्पा, तुमी उतरा ना आता."

"गल्लीच्या तोंडापरयंत येतंय, मंग उतरतंय."

"पप्पा, तिथंच तर अडकलोय."

काका उतरले. विमान हलकेच वर आलं, गतिरोधक ओलांडून पुढे सरकलं. बँजो पुन्हा सुरू झाला. काका तिथेच रस्त्यात वाकून बघत राहिले. मी जवळ गेले, म्हटलं, "काका, चला घरी."

"थांब गो," मान वर न करता ते म्हणाले. "खाली कती उरलंय, त्ये बगतंय."

टेम्पो तर केव्हाच वळून गेला होता. मीही त्यांच्या शेजारी वाकले.