दोन वाक्यांमधली जागा

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. आई बेंबळीत असते, तिच्याशी रोज फोनवर बोलणं होतं, आणि तिला तर हे कधीच — जाऊ दे. तुमच्याशी बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, मल्लूमामांनाही ओळखत नव्हता. म्हणून कदाचित जीभ उचलेल.

मी सिनेमाच्या आवाजाचं काम करतो, पुण्यात. शूटिंगमध्ये टिपलेले आवाज माझ्याकडं येतात — बोलणं, पावलं, वारा, भांडी — आणि मी ते एकमेकांत बसवतो. त्यात रिव्हर्ब नावाची एक सोय असते. रिव्हर्ब म्हणजे घुमारा. मोकळ्या रानात हाक मारली तर ती निघून जाते, बारवेत मारली तर भिंतींना आपटत परत येते. रिव्हर्बनं ती बारव खोटीच उभी करता येते. माणूस चुलीजवळ उभा राहून बोललेला असला, तरी त्याचा आवाज देवळात नेता येतो, बोगद्यात नेता येतो, विहिरीच्या तळाला सोडता येतो. ऐकणाऱ्याला कळत नाही. कळलं, तर काम कच्चं राहिलं असं आम्ही समजतो.

हे काम मला चांगलं येतं. तिथंच सगळं बिघडलं.

मल्लूमामा आईचे थोरले भाऊ. त्यांचं गाव सास्तूरच्या बाजूला. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसवलं — सरळ रस्ते, एकासारखं एक घर. जुनं गाव तिथून दिसतं. म्हणजे दगड दिसतात, आणि त्यांच्यावर माजलेल्या येड्या बाभळी. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्हाला तिकडं जायची बंदी होती. साप आहेत म्हणायचे. साप होतेही, पण बंदी सापांसाठी नव्हती, एवढं आम्हाला तेव्हाही कळायचं.

भूकंप झाला त्या पहाटे मामा अंगणात निजले होते. सिद्राम, त्यांचा एकुलता एक मुलगा, उकडतंय म्हणून रडत होता, त्याला घेऊन ते बाहेर आले होते. मामी आत. वर मातीचं जड माळवद, भिंती दगडाच्या. सगळं खाली आलं. धुळीत हात दिसेना. मामा पोराला छातीशी धरून उभे राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले. त्यांच्या घराच्या ढिगातून काहीच येत नव्हतं. शेजारच्या ढिगातून हाका येत होत्या. ते शेजारी गेले. नखं निघेपर्यंत हातानं उकरलं, आणि ते घरचं घर जिवंत बाहेर काढलं. मग आपल्या घराकडं वळले. मामी सापडल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगावर चादर तशीच होती. लोक म्हणाले, झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नाही.

मामांनी दुसरं लग्न केलं नाही. सिद्रामला वाढवलं, रान कसलं. त्या पहाटेबद्दल ते फार बोलत नसत, आणि बोलले तर त्याच शब्दांत. गावात त्यांना मान होता. ज्यांना त्यांनी काढलं त्या घरची पोरं शेवटपर्यंत सणाला त्यांच्या पाया पडायची. एवढ्यावर एक माणूस म्हातारा झाला. आपल्या घराच्या ढिगातून आवाज आला नव्हता, एवढ्यावर.

काही वर्षांपूर्वी रेवती नावाच्या एका दिग्दर्शिकेनं भूकंपातून वाचलेल्या माणसांवर माहितीपट करायला घेतला. मीच तिला मामांचं नाव सुचवलं. मामा तयार नव्हते. मी फोन केला, गळ घातली. शेवटी म्हणाले, तू आहेस ना त्यात, मग काही वावगं होणार नाही.

मीच रेकॉर्डिंगला गेलो. मामा ओट्यावर बसले होते, मी माईक धरला होता. आधी मागच्या अंगणातून सुनीतावहिनींनी — सिद्रामदादाच्या बायकोनं — दादाला हाक मारली. “अवो —” आमच्याकडं बायका नवऱ्याला हाक मारतात तशी. मी त्यांना गप्प राहायला सांगून आलो. पण माईक चालू होता, हाक टिपली गेली होती. मग मामा बोलले.

“आतनं आवाज आला न्हाय.”

ते थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, “आला आस्ता, तर म्या आदी तितंच उकरलं आस्तं.”

पुण्यात मिक्सिंगला बसलो तेव्हा रेवतीनं सांगितलं होतं, त्या दोन वाक्यांच्या मधे काही नको. नुसता मामांचा चेहरा, नुसती शांतता. तिचं बरोबर होतं. पण मला ती जागा रिकामी वाटायला लागली. मी आतापर्यंत काय केलंय या फिल्ममध्ये? — असं मनात आलं. दुपारची वेळ, रेवती जेवायला बाहेर गेलेली. मी वहिनींची ती हाक शोधली. पुढचं मागचं कापून नुसता “अवो” ठेवला. आवाज जाड केला, त्याची धार मारली, म्हणजे तो भिंतीपलीकडून आल्यासारखा होईल. मग त्याला लांब घुमारा दिला. इतका लांब, की शब्द विरघळला आणि मागं नुसती त्याची ओढ राहिली. आणि तो एवढा बारीक करून मामांच्या थांबण्यात ठेवला, की आला का नाही ते सांगता येऊ नये.

मातीखाली आवाज घुमत नाही. माती आवाज गिळते. हे मला ठाऊक होतं. पण ऐकणाऱ्याला घुमारा दिला की खोली जाणवते. अंगावर काटा येतो. माझ्याही आला.

आता तुम्ही विचाराल — मामा ऐकतील हे सुचलं नाही का? सुचलं. तेच सांगायला बसलोय. हात बटणावर असताना नेमकं सुचलं. आणि मी मनाशी म्हटलं, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

रेवती परत आली, तिनं ऐकलं, तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, वारा आहे, त्याला थोडा रिव्हर्ब दिलाय. तिनं माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

फिल्म पहिल्यांदा गावातच दाखवली, शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून. स्पीकर मीच मांडले. मामा पुढं खुर्चीवर बसले होते, धुवून कडक केलेला पटका बांधून. पडद्यावर मामा म्हणाले, आवाज आला न्हाय. मग ती जागा आली.

मामा उभे राहिले.

कुणाला काही वाटलं नाही, म्हातारा माणूस, पाय अवघडला असेल. ते तसेच उभे होते, मान एका बाजूला कलती करून. ती पहाटेची मान होती — मी ती कधी पाहिली नव्हती, पण ओळखली. मागून कुणीतरी बसा म्हणालं. ते बसले.

संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मला भिंतीकडं नेलं.

“म्या न्हाय म्हनलो, तवा ती बोलली. त्यात घातलंस का रं काय?”

एवढं सरळ विचारलं होतं. व्हय मामा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत दिली असती, आणि घरी जाऊन जेवले असते. मी म्हणालो —

“न्हाय मामा. तिथं कायच न्हाय. तुमास्नी भास झाला आसंल.”

त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग हळूच मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

त्याच आठवड्यात मी तो आवाज काढून टाकला. रेवतीला सांगितलं, तिथं एक दोष राहिला होता. तिला वाईट वाटलं, पण मानलं. फिल्म पुढं सगळीकडं गेली ती शांततेसकट. मला वाटलं, मिटलं. मिटलं असं कसं वाटलं मला?

कारण महिन्याभरानं सिद्रामदादानं ती फिल्म मोबाइलवर मामांना पुन्हा दाखवली. मामांनीच मागितली होती. दादा सांगत होता, अण्णांनी — वडलांना तो अण्णा म्हणायचा — मोबाइल कानाला लावला आणि तेवढाच तुकडा परत परत लावायला लावला. आवाज नव्हता. मग त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, ह्यात न्हाय. म्हंजी माज्याच कानात हाय. थोड्या वेळानं म्हणाले, म्हंजी तवाचाच हाय.

कळलं ना, काय झालं ते? मशीनमध्ये आवाज नाही, भाचा खोटं बोलणार नाही — मग हाक कुठून आली? त्या पहाटेची आली. ती तेव्हाच आली होती, आपण ऐकली होती, आणि शेजारी निघून गेलो होतो. इतकी वर्षं आपण स्वतःलाच फसवलं. असा हिशेब त्यांनी लावला. हिशेबात चूक नव्हती, त्याला पुरवलेल्या दोन्ही गोष्टी माझ्या होत्या.

त्यानंतर मामा जुन्या गावाकडं जायला लागले. पहार घेऊन. आपल्या घराच्या जागेवरचे दगड उलथून बाजूला ठेवायचे आणि मधेच थांबून ऐकायचे. लोक समजावून परत आणायचे. मी गेलो तेव्हा वहिनींनी मला चहा दिला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “भावजी, मामा माझ्या आवाजाला भितात.” त्या दादाला हाक मारायच्या, की मामांच्या हातातला घास खाली पडायचा. म्हणून वहिनींनी हाक मारणंच सोडलं होतं. दादा जिथं असेल तिथं त्या स्वतः जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. मला होतं. मी चहा प्यायलो.

मग मामांना आणायला गेलो. बाभळीच्या सावलीत बसले होते, हातांना फोड आलेले. मला बघून बरं वाटलं त्यांना. म्हणाले, तू आवाजाचा माणूस, तू सांग — माणूस गेल्यावर त्याचा आवाज जागेवर राहतो का? चेष्टा नव्हती, खरंच विचारत होते. माझ्या गाडीत लॅपटॉप होता. त्यात ती जुनी फाइल होती, वहिनींची घुमारा न दिलेली कोरडी हाकही होती. दोन्ही ऐकवायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, ऊन लागंल मामा, घरी चला.

मामा मागच्या थंडीत गेले. अंथरुणात गेले, दादा जवळ होता. शेवटच्या दिवसांत ते त्याला एकच सांगत राहिले, की तुझ्या आईनं मला हाक मारली होती, मी गेलो नाही.

मामांच्या दिवसकार्याला मी गेलो. जेवणं झाल्यावर सिद्रामदादा आणि मी मांडवाच्या कडेला उभे होतो. ज्यांना मामांनी ढिगातून काढलं होतं, त्यांची पोरं पंगतीची पानं उचलत होती. दादा त्यांच्याकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “अण्णांनी आमाला जल्मभर खोटं सांगितलं. आई हाक मारत व्हती, आन् ह्यो मानूस दुसऱ्याच्या दारात गेला.”

आवाज आला नव्हता. मामा खरं बोलले होते. दादाला हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो त्याच्या शेजारीच उभा होता.

मी मान हलवली. व्हय म्हटल्यासारखी.