आत्याची कंबर आणि खोक्यातलं झाड

पलंगावरच्या चादरीला इस्त्री करत होते. अर्धी चादर सरळ झाली होती, उरलेली अर्धी चोळामोळा होऊन टेबलाखाली लोंबत होती, तेवढ्यात आत्या मागच्या दारानं आत आली आणि म्हणाली, "अगं, माझी कंबर मोडली म्हणे!"

मी घाबरून इस्त्री बंद केली. "कुठं पडलीस?"

"मी कशाला पडू? तुमच्या कमिटीनं मोडली. कालच्या बैठकीत. तुझ्या नवऱ्यानंही हात वर केला."

आत्या म्हणजे आमचं चर्च झाडणारी. तिला ना भाचा ना भाची, तरी सगळ्या मंडळीची ती आत्याच. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू चर्च झाडत असे. सासूचा झाडू हिच्या हातात आला. पुढं नवरा गेला, मुलगी सासरी गेली, झाडू मात्र हातातच राहिला. नाताळचं झाडही दरवर्षी तीच आणते. माळ्याकडे जाऊन सुरूची दहा झाडं हलवून बघते, नाक मुरडते, माळ्याशी भांडते आणि शेवटी सरळ खोडाचं एक निवडते. ओल्या वाळूच्या पिंपात ते उभं केलं की रोज सकाळी आधी त्याला पाणी. "पाहुणा आहे, पाणी नको विचारायला?" असं म्हणते.

आणि आता कमिटीनं ठरवलं, यंदा प्लॅस्टिकचं झाड. का, तर सुरूच्या काड्या गळतात आणि त्या झाडताना आत्याच्या कंबरेला त्रास होतो. रविवारी उपासनेत पाळकसाहेब पुलपिटवर उभे राहून सगळ्या मंडळीला तसं वाचूनही दाखवणार.

आमचे हे चहा पीत बसले होते. मी विचारलं, "तुम्ही हात वर केलात?"

"सगळ्यांनीच केला."

"तुमचा हात सगळ्यांच्या हाताला बांधलाय का?"

"अगं, किती केर होतो! म्हातारं माणूस वाकून वाकून…"

"मग एखाद दिवस तुम्ही वाकला असतात. झाडू काही तिच्या हाताला चिकटलेला नाही."

ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. बोलणं अंगाशी आलं की ह्यांना जगाची काळजी वाटू लागते.

मी पदर खोचला आणि आत्याबरोबर चर्चमध्ये गेले. आमचे सेक्रेटरी वेदीपाशी खोकं उघडून बसले होते, आणि पाळकसाहेब हातात एक हिरवी फांदी धरून उभे होते. फांद्या उलट्या खोचल्यामुळे ते झाड वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखं दिसत होतं.

"या आत्या, बघा!" सेक्रेटरी खुशीत म्हणाले. "आता एक काडी पडायची नाही. तुमचीच सोय."

"माझी सोय मला विचारून केली का?"

"त्यात काय विचारायचं? आता वय झालं तुमचं."

"वय झालं, कान नाही गेले. तुमची बैठक चालली होती तेव्हा मी बाजूच्याच खोलीत तुमचे चहाचे कप धूत होते. एक हाक मारायची होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिनं धुतलेल्या कपात चहा प्यायचा, हिच्याच कंबरेवर ठराव करायचा, आणि हिला पत्ता नाही!

आत्यानं मग पाळकसाहेबांकडे तोंड वळवलं. "आणि गुड फ्रायडेला क्रूस कशाचा करायचा?"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे नाताळ झाला की आत्या त्या सुरूच्या फांद्या छाटते आणि खोड चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून वाळत ठेवते. सुतार त्याचाच क्रूस करून देतो. नाताळात गव्हाणीतल्या बाळाजवळ उभं राहिलेलं लाकूडच त्या दिवशी पुढं उभं राहायला हवं, असं तिची सासू म्हणायची. आत्यानं ते मोडलं नाही. आमच्या ह्यांच्यासकट कमिटीच्या सगळ्या पंचांनी तो क्रूस खांद्यावर घेतलाय. लाकूड कुठून येतं, हे एकानंही कधी विचारलं नाही.

"त्यात काय," सेक्रेटरी म्हणाले, "क्रूसही हल्ली तयार मिळतो. हलका असतो."

हलका क्रूस! मी तोंडावर पदर धरला, नाहीतर देवाच्या घरात काय बोलून बसले असते कोण जाणे. पाळकसाहेबांनी हातातली फांदी खाली ठेवली.

आत्याचा आवाज मात्र चढला नाही. "प्लॅस्टिक लावायचं तर लावा. माळ्याकडे जायचा तुम्हाला कंटाळा, तसं सांगा मंडळीला. पण पुलपिटवरून माझ्या कंबरेचं नाव घ्यायचं नाही. कंबर माझी आहे, कमिटीची नाही."

"ते वाक्य वाचायचं नाही," पाळकसाहेब सेक्रेटरींना म्हणाले. मग जरा चाचरत, "पण आत्या, हे झाड तर आता आलंय…"

"असू दे आत. माझं व्हरांड्यात उभं राहील. पिंप माझ्याकडे आहेच."

"आणि केर?" सेक्रेटरींना राहवलं नाही.

"पडेल की. मी झाडीन. मला जमलं नाही तर पंच झाडतील."

पाळकसाहेबांनी मान हलवली. सेक्रेटरी पुन्हा फांद्या खोचायला लागले, तशाच उलट्या.

आत्या येताना हसत होती. मला हसू येत नाही. जिवंत झाड चपलांशेजारी आणि खोक्यातलं वेदीपाशी, हा कुठला न्याय? आणि "आत्या, चुकलं आमचं" एवढे शब्द एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. प्रभू त्यांना क्षमा करो. मला अजून थोडा वेळ लागेल.

झाड आणायला हातगाडी लागेल. ती आमचे हे ढकलणार आहेत, हे त्यांना रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगायचं ठरवलंय. उद्या सकाळी चर्च झाडून झालं की आत्या सुताराकडे गाडी मागायला जाणार आहे.